कनकाच्या अंगठ्याचा खळगा

"अगं, खळगा कुठं गेला माझा?"

ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या श्रीनिधीच्या स्क्रीनला सुब्बारावांनी नाक लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मिक्सीच्या भांड्याची ही नवी मूठ त्यांनी तीन महिने खपून मातीतून हातानं घडवली होती. बायकोला, म्हणजे कनकाबाईंना, सांधेदुखीमुळे भरलं भांडं उचलवत नव्हतं. तिचा अंगठा नीट बसावा म्हणून मुठीवर एक वाकडा खळगा केला होता. रिटायर होण्यापूर्वीचं हे शेवटचं मॉडेल. आणि ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवलं, तर खळग्याच्या जागी सपाट मैदान!

"सर, स्कॅनरला दिसलं तेच आलं," श्रीनिधी म्हणाली. "त्यावर चंदन थापलेलं आहे. मला वाटलं, डिझाइनच असेल."

सुब्बारावांनी कपाळावर हात मारला. काल त्यांच्या एग्मोरच्या डिझाइन ऑफिसात आयुधपूजा, म्हणजे अवजारांची पूजा, झाली होती. कात्रीपासून लिफ्टच्या दारापर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागलं. मुठीला त्यांनी स्वतःच लावलं, आणि बोट आपसूक खळग्यात गेलं. भक्ती जरा जास्तच झाली, एवढंच.

ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर चंदनाबरोबर मातीही निघाली. खळग्याची विहीर झाली. गिऱ्हाईक तीनला येणार आणि घड्याळात दीड वाजलेला!

"सर, माप सांगा. मी स्क्रीनवर करते."

"माप? अगं, तो अंगठा आहे! तो घरी आहे!"

लगेच घरी फोन केला. अर्ध्या तासात कनकाबाई ऑटोनं हजर झाल्या. तोवर सुब्बारावांनी विहीर नव्या मातीनं बुजवली होती. त्यांनी मूठ पुढे केली. "हं, दाब. रोज धरतेस तशीच धर."

कनकाबाईंनी मूठ धरली आणि अंगठा दाबला तो भलतीकडेच, पार खालच्या अंगाला.

"अगं, तिथं नव्हे! वर, वर!"

"अय्यो, मी खालनंच धरते की. वरनं दाबलं तर जीव जातो माझा."

"मग तीन महिने 'छान झालीय' म्हणत होतीस ते?"

"तुमी एवढ्या मायेनं करत होता. कोणत्या तोंडानं सांगू?"

सुब्बारावांना एकदम भरून आलं. तीन महिने चुकीच्या जागी खपलो, याचं दुःख करायलाही सवड नव्हती. खालच्या खळग्यासकट मूठ पुन्हा स्कॅन झाली. तीन वाजता गिऱ्हाइकाकडच्या संयुक्ता मॅडम आल्या. त्यांनी मॉडेल हातात तोललं, पुन्हा तोललं आणि म्हणाल्या, "हेच फायनल करा."

मॅडम गेल्यावर कनकाबाई हळूच नवऱ्याजवळ सरकल्या.

"आता तुमीपण खरं सांगा. माझं कारल्याचं सांबार एकतीस वर्षं मागून मागून खाताय. आवडतं ना?"

सुब्बाराव घाईघाईनं स्क्रीनकडे वळले.

"श्रीनिधी, ही बाजू जरा मोठी करून दाखव बरं."