शेऱ्याचा रकाना

धनराज खैरनारांनी आठवडाभरात अठ्ठावीस माणसांना एकच प्रश्न विचारला होता, "नर्सिंगला लॅपटॉप बरा की टॅब?" त्यांतली चौदा माणसं लॅपटॉपच्या बाजूची निघाली आणि चौदा टॅबच्या. एकोणतिसावं माणूस रोज त्यांच्या शेजारीच जेवायला बसत होतं, पण त्याला विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. हे एकोणतिसावं माणूस म्हणजे त्यांची मुलगी पल्लवी, आणि नर्सिंगला तीच जाणार होती.

कॉलेज सोमवारी सुरू होत होतं. पालकांच्या सभेत तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "मुलींजवळ लॅपटॉप किंवा टॅब असू द्या." त्या 'किंवा'ने धनराजांचा जीव टांगणीला लागला. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती आणि जे घेऊ ते पोरीला चार वर्षं पुरवायचं होतं. यापूर्वी त्यांनी असंच घाईने वॉशिंग मशीन घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावर नळाला दाबच नसल्यामुळे ते सहा वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामी येत होतं. पुन्हा चूक नको, म्हणून धनराज पायाला भिंगरी लावल्यासारखे गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फिरत होते.

"अहो, बसा ना एका जागी," त्यांची बायको रोहिणी शिलाई मशीनवरून म्हणाली. "तुमच्या येरझारांनी माझी टीप वाकडी जातेय."

"अप्पा, मला काय वाटतं सांगू का?" पल्लवीने तोंड उघडलं.

"वाटण्यावर कारखाना चालत नाही, बेटा," धनराज म्हणाले. "कारखाना रीडिंगवर चालतो."

ते सातपूरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. बावीस वर्षं दर तासाला काट्याकडे बघायचं, आकडा वहीत मांडायचा आणि पुढे सही ठोकायची. बॉयलरला नवा पंप आला तरी तीन दिवस ट्रायल घेतल्याशिवाय ते त्याला कामाला लावत नसत. मग पोरीच्या आयुष्याचा प्रश्न काय नुसत्या गप्पांवर सोडायचा?

बुधवारी संध्याकाळी त्यांनी दोन्ही यंत्रं उसनी आणली. लॅपटॉप सायखेड्याच्या बहिणीचा, ज्योत्स्नाचा. ती तिथे शिक्षिका होती. टॅब कारखान्यातल्या फारुख फिटरच्या मुलीचा. ही आदिबा दुसऱ्या वर्षाला नर्सिंगलाच होती आणि सुट्टीवर घरी आली होती. धनराजांनी दोन्ही यंत्रं टीपॉयवर शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येकाला सुतळीने लाल पुठ्ठा बांधला. त्यावर लिहिलं होतं, 'चाचणी चालू आहे. हात लावू नये.' मग कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे शंभर पानी वहीत रकाने आखले. वेळ, बॅटरी, तापमान, सही आणि शेवटी शेरा.

"कॉलेज नऊ ते चार, म्हणून ट्रायलही नऊ ते चार," त्यांनी घरच्यांना सांगितलं. "दोन्हींवर हृदयाच्या कार्याचा व्हिडिओ सतत चालू ठेवायचा, म्हणजे लोड राहील. चार वाजता बंद करून चार्जिंगला लावायचं. मी पहिल्या पाळीला असणार, तेव्हा रीडिंग रोहिणी घेईल."

"मी? माझ्याकडे दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडलाय!"

"तासाला एक मिनिट लागतं गं."

"आणि तापमान कशाने मोजू?"

धनराजांनी कपाटातून ताप मोजायचा थर्मामीटर काढून दिला. "हा पाठीला लावायचा. लॅपटॉपच्या."

"अप्पा," पल्लवी पुन्हा म्हणाली, "माझं मत..."

"मत असेल ना, ते शेऱ्यात लिही. शेरा तुझ्याकडे. रीडिंग एकाचं आणि शेरा दुसऱ्याचा, म्हणजे चेक राहतो."

पल्लवीने वही हातात घेतली. त्या अरुंद रकान्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

गुरुवारी रोहिणीने नऊचं रीडिंग अगदी मनापासून घेतलं. दहाचंही घेतलं. लॅपटॉपला नव्याण्णव पॉइंट चार निघाला तेव्हा ती "याला कणकण आहे गं" असंही म्हणाली. अकरा वाजता टॅब चौसष्ट टक्क्यांवर होता आणि लॅपटॉप एक्केचाळीसवर. तेवढ्यात वत्सलाबाई आल्या. त्यांच्या सुनेच्या ब्लाउजाची बाही एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल झाली होती आणि सुनेचा स्वभाव दोन्ही बाजूंनी घट्ट होता. ते प्रकरण निस्तरताना बारा वाजले. रोहिणीने मशीनवरूनच हात लांब करून वही ओढली, वरचा आकडा पाहिला आणि खाली उतरवला. टॅब चौसष्ट, लॅपटॉप एक्केचाळीस. एकलाही तेच, दोनलाही तेच. तिच्या मते एवढ्याशा वेळात असा काय मोठा फरक पडणार होता?

सव्वाचारला धनराज घरी आले ते चपला पायात ठेवूनच वहीपाशी गेले. त्यांचं बोट बॅटरीच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"रोहिणी! चौसष्ट!"

"हो. का?"

"अकरापासून चारपर्यंत चौसष्ट! व्हिडिओ चालू असताना! ही बॅटरी आहे की काय आहे?"

रोहिणीने सुई उचलली. खरं सांगावं तर ट्रायल पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार आणि ब्लाउजं राहणार. "चांगली कंपनी असेल," ती सुईत दोरा ओवत म्हणाली.

शुक्रवारी तिने सोय म्हणून गुरुवारचं पान समोर ठेवलं आणि भाजी चिरता चिरता सगळा दिवस सकाळी दहालाच भरून टाकला. शनिवारी तर वेळेचीही वाट पाहिली नाही. पल्लवी मात्र दर तासाला येऊन वही उघडायची, काहीतरी लिहायची आणि निमूट निघून जायची. "पोरगी कशी शिस्तीत काम करते बघ," धनराज कौतुकाने म्हणायचे. तिचं अक्षर बारीक होतं आणि रकाना गच्च भरलेला होता. पण बावीस वर्षांत त्यांनी कधी शेरा वाचला नव्हता. आकडे बरोबर असले की शेऱ्यात असणार काय?

इकडे कारखान्याच्या कँटीनमध्ये चौसष्टची बातमी वाऱ्यासारखी पसरली होती.

"क्या बात करते, धनराजभाऊ!" फारुखच्या हातातला चहा तसाच राहिला. "आमच्या आदिबाकडे तर तो टॅब दुपारच्या आधीच मरतो."

"वापरायची पद्धत असते, फारुखभाई. रेकॉर्ड आहे माझ्याकडे. दोन दिवसांचं, आज तिसरा."

फारुख संध्याकाळी घरी गेले ते तणतणतच. "तू दिवसभर पिक्चर बघतेस, म्हणून बॅटरी उतरते!" त्यांनी आदिबाला सुनावलं. "तिकडे धनराजभाऊंकडे तोच टॅब चौसष्टच्या खाली येत नाही!" आदिबा बिचारी रडकुंडीला आली आणि तिने अब्बांशी बोलणं सोडलं. टाइम ऑफिसच्या चिमाजींनी सुनेसाठी सांगून ठेवलेला लॅपटॉप फोन करून रद्द केला आणि रविवारी धनराजांबरोबरच टॅब घ्यायचं ठरवलं.

असा रविवारी सकाळी सीबीएस बसस्थानकाजवळच्या दुकानात हा सगळा लवाजमा दाखल झाला. पुढे काखेत वही घेतलेले धनराज, त्यांच्यामागे चिमाजी, मग घरी बोलणं बंद असल्यामुळे बाहेर पडायला निमित्त शोधणारे फारुख आणि सगळ्यात मागे रोहिणी आणि पल्लवी. रोहिणीला सकाळपासून चहा गेला नव्हता. पल्लवी दुकानाच्या काचेत मांडलेल्या लॅपटॉपांकडे बघत होती, तेही चोरून.

काउंटरवर फरहान नावाचा तरुण होता. धनराजांनी त्याला टॅबचं नाव सांगितलं. "हाच हवा. बॅटरी चौसष्टवर थांबते, तो."

"थांबते म्हणजे?"

"खाली येत नाही."

फरहानने आधी धनराजांकडे पाहिलं, मग फारुखकडे. "काका, अशी बॅटरी निघाली असती तर मी चार्जर कोणाला विकले असते?"

धनराजांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वही काउंटरवर उघडून आपटली. "हे बघ! तीन दिवसांचं लॉगबुक. वाच, मोठ्याने वाच, म्हणजे सगळ्यांना कळेल."

फरहान बिचारा कधी बॉयलरवर नव्हता. कुठला रकाना वाचायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला कोण सांगणार? त्याने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतली.

"गुरुवार, नऊ वाजता. टॅब शंभर, लॅपटॉप शंभर. शेरा, 'मला लॅपटॉप हवा. चाळीसच्या स्पीडने टायपिंग येतं. क्लास तुम्हीच लावला होता.'"

"हं, पुढे बॅटरी वाच," धनराज म्हणाले. मग ते थांबले. "काय वाचलंस?"

"दहा वाजता. शेरा, 'वरीलप्रमाणे.' अकरा वाजता, 'वरीलप्रमाणे.' बारा वाजता, टॅब चौसष्ट. शेरा, 'वत्सलाबाई आल्या आहेत. आईने आकडा न बघता लिहिला.'"

रोहिणी एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

"एक वाजता, चौसष्ट. शेरा, 'टॅब अचानक बंद पडला आहे.' दोन वाजता, चौसष्ट. 'टॅब अजून बंदच आहे. वहीत चालू आहे.'"

चिमाजी हसू दाबायला खोकले. फारुखनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! आणि मी त्या पोरीला किती बोललो!" त्यांनी तिथल्या तिथे फोन काढून आदिबाला लावला, पण तिने उचलला नाही.

"शुक्रवार," फरहान आता रंगात आला होता. "'अप्पा, तुम्ही कालचं वाचलं नाही ना?' पुढे, 'आदिबा म्हणते, टॅब वाचायला छान. पण केस स्टडी लिहिताना एका बोटाने ठोकत बसावं लागतं.' पुढे, 'वरीलप्रमाणे.' 'वरीलप्रमाणे.' 'आईने आज चारपर्यंतचं सगळं दहालाच भरलं. भाजी भेंडीची होती.'"

"पुरे की आता," रोहिणी पुटपुटली.

"शनिवार, नऊ वाजता," फरहान वाचू लागला, "'हा रकाना कोणी वाचत नाही हे आता नक्की झालं, म्हणून खरं...'" आणि तो एकदम गप्प झाला. त्याने वही फिरवली आणि हळूच धनराजांपुढे सरकवली. "हे तुम्हीच वाचा, काका."

धनराजांनी चष्मा लावला. पल्लवी पुढे धावली, "अप्पा, ते राहू दे!" पण तोवर त्यांची नजर त्या बारीक अक्षरांवर गेली होती.

'हा रकाना कोणी वाचत नाही हे आता नक्की झालं, म्हणून खरं लिहिते. मला सोमवारची भीती वाटते. सुई टोचायला माझा हात थरथरला तर? पेशंट ओरडला तर? घरात सांगणार कोणाला? सगळे बॅटरी मोजताहेत.'

त्याखाली दहा वाजता, वरीलप्रमाणे. अकरा वाजता, वरीलप्रमाणे. चार वाजेपर्यंत वरीलप्रमाणे.

धनराजांना एकदम फार वाईट वाटलं. अठ्ठावीस माणसांना विचारलं, सुतळ्या बांधल्या, लॅपटॉपचा तापसुद्धा बघितला आणि पोरीकडे मात्र मान वर करून पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच ते एका जागी स्थिर उभे होते.

"लॅपटॉप दाखव," ते फरहानला म्हणाले. मग वळून पल्लवीला म्हणाले, "तू निवड. मी बोलणार नाही."

पल्लवीने पाच मिनिटांत निवडला. तिने कळांवर दहाही बोटं ठेवून एक ओळ खडाखडा टाइप केली, तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. चिमाजींनीही जाता जाता आपला लॅपटॉप पुन्हा सांगून ठेवला. फारुख आदिबासाठी काजूकतली घ्यायला गेले.

घरी आल्यावर धनराजांनी वही पुन्हा उघडली. शनिवारच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी सावकाश लिहिलं, 'शेरा वाचला. उशीर झाला, माफी. ट्रायल घेतल्याशिवाय काहीही कामाला लावायचं नाही, हा नियम. सबब पल्लवीने हात बसेपर्यंत सुई माझ्या दंडात टोचावी.' आणि खाली सही केली.

पल्लवीने ते वाचलं आणि तिला हसू आवरेना. "अप्पा, कारखान्याच्या तपासणी शिबिरात सुई बघून तुम्ही बॉयलरच्या मागे जाऊन बसला होतात. फारुखकाकांनी सांगितलंय मला."

"बसलो होतो," धनराज म्हणाले. त्यांच्या कपाळावर आत्ताच घाम आला होता. "पण आता सही केलीय. रोहिणी, ट्रायलचा कागद आहे, दोन सह्या लागतात. तुझीही कर."

रोहिणीच्या पायाखाली शिलाई मशीन सुरू होतं आणि वत्सलाबाईंच्या सुनेची बाही अजून जुळत नव्हती. तिने मान वर न करता हात लांब केला, वही ओढली, धनराजांच्या ओळीखाली झरझर 'वरीलप्रमाणे' असं लिहून सही ठोकली आणि वही परत ढकलली.

पल्लवीने वहीत पाहिलं, मग आईच्या दंडाकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "तू काय लिहून दिलंस ते वाचलंस का?"