कळस चढलेलं छत

"गुरवबाबा, मधी एक खांब न्हाई, मंग हे छत पडत का न्हाई?"

देवळात उभं राहून हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणीनं, सलमानं, लावली होती. तिला वाटलं, मी लाजेन. लाजायचं काम मी आठवीतच संपवलंय. आता मी नववीत आहे.

गुरवबाबा रागावले नाहीत. "बघ की वर," एवढंच म्हणाले.

मी मोबाइलची बॅटरी वर मारली. दगडांचं एक कडं, त्याच्या जरा आत दुसरं, त्याच्याही आत तिसरं, अन् शेवटी मधोमध कमळ कोरलेली एकच शिळा. चुना नाही, खिळा नाही. शेकडो वर्षं सगळे दगड एकमेकांना धरून बसलेले. मान दुखायला लागली तरी खाली होईना.

बाहेर येऊन मी सलमाला सांगितलं, "जालन्याच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनाला मी हेच देऊळ ठोकळ्यांत बांधणार. छतासकट."

"तुला दप्तर भरणं होत न्हाई," सलमा म्हणाली.

विज्ञानाचे सर म्हणाले, "पुठ्ठा ठेव वरून. आत कोण बघून राह्यलंय?"

पण मला तर आतलंच दाखवायचं होतं! मामेभावाचे खेळण्यातले पोतंभर ठोकळे आणले अन् पुढच्या खोलीत कामाला लागले. भिंती झाल्या. छत मात्र तिसऱ्या कड्याला दर वेळी भाकरीची चवड कलंडावी तसं आत यायचं. शेवटी एकदा कळलं: पुढं आलेल्या ठोकळ्याच्या मागच्या टोकावर वजन ठेवलं, की तो पडायचं विसरतो. मंग कडी चढत गेली, बाहेरून शिखर उभं राहिलं. मी जमिनीवर आडवी होऊन देवळाच्या दारातून आत बघितलं. अगदी तसंच! हे आपण केलं, यावर माझाच विश्वास बसेना.

छत अलगद उचलता येत होतं. ते उचललं की खालच्या भिंतींचेही दोन भाग व्हायचे अन् सगळं एकेक करून दारातून बाहेर जायचं. सगळं बराबर ठरलेलं.

फक्त प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी आईला म्हणाले, "उद्या सकाळी कळस बसवते."

माझा कळस म्हणजे सोनेरी पेनाचं टोपण. पण आईनं हे गिरणीत दळण टाकताना सांगितलं, अन् टोपणाचा भाग सांगायचा राहिला.

सकाळी शेजारची गोजरआजी नारळ घेऊन दारात. मागं गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन, त्यांच्या मागं टाळ अन् पेटी. पप्पा दात घासता घासता बाहेर आले. "काय झालं? कोणी गेलं का काय?"

"कळस हाय तुमच्यात," गोजरआजी म्हणाली. "अन् तुम्ही बनियनवर?"

पप्पा सदरा घालायला पळाले. मी टोपण बसवलं. मंग नारळ फुटला, आरती झाली, मीही टोपणाला हात जोडले.

तेवढ्यात सर टेम्पो घेऊन आले. मी छताला हात घातला.

"ए पोरी," गोजरआजी म्हणाली, "चढलेला कळस उतरवत असतेत का?"

"आजी, टोपण हाय ते."

"काल होतं."

पप्पांनी फूटपट्टी लावली. देऊळ दारापेक्षा वीतभर रुंद. "तिरपं करा," आई म्हणाली. तिरपं केलं असतं तर शेकडो वर्षांचं छत एका मिनिटात बायांच्या चहात पडलं असतं. पप्पा म्हणाले, "मंग चौकट काढू." चौकट काढायला ते तयार, टोपण काढायला नाही.

सर गुडघे टेकून वाकले. बॅटरी लावून आत बघितलं अन् कितीतरी वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा पुठ्ठ्याचं काहीच बोलले नाहीत. "बेटा, हे जालन्याला जायलाच पाहिजे."

सगळे माझ्याकडे बघत होते. देऊळ माझं, टोपण माझं. मी हात पुढं केला. तो कळसापाशी जाऊन थांबला, अन् खरं सांगते, तो कोणी धरला नव्हता.

टेम्पो रिकामा गेला. गोजरआजीनं हातावर खोबरं ठेवलं. ते चावत मी आई-पप्पांना समोर बसवलं अन् सांगून टाकलं, "मी ठरवलंय. पुढच्या वर्षी बारव बांधणार, पायऱ्यांची विहीर. सगळ्या पायऱ्या खाली जातेत, वरती छतच नसतं, मंग कळस कुठला? अन् आई, त्या दिवशी दळण मी नेणार."