किहीमचा फिरता चषक कायमचा होता होता राहिला, त्याची हकीगत

श्रीहरिहरेश्वर समर्थ. प्रांत अष्टागर, मौजे किहीम, येथे शोभेच्या माशांचे अजिंक्यपद दरसाल श्रावणमासी होते. कारण की श्रावणात ताटातला मासा बंद, मग रयतेने काचेतला तरी डोळे भरून पाहावा, ऐसी थोरांची मसलत. पूर्वी शाळेच्या पडवीत मुरांब्याच्या बरण्या मांडीत, आणि जिंकणारास नारळ देत, आणि तो तेथेच फोडून सर्वांस खोबरे वाटीत. ते राज्य गेले. मग मंडळ जाहले, मग मंडळास अध्यक्ष जाहले, मग मुलाम्याचा फिरता चषक आला, आणि कायदा जाहला की लागोपाठ तीन साल फत्ते करील त्याच्या घरी चषक कायमचा.

दोन साल अध्यक्ष, नारळी-पोफळीच्या वाडीचे धनी, राजमान्य राजश्री मार्तंडराव यांनी मारली. तिसऱ्याकरिता समशेरजंग नामे निळा फायटर मासा सिद्ध केला. फायटरांच्या जंगाची रीत ऐसी की दोन वीर दोन काचपात्रांत शेजारी ठेवावे, मध्ये पुठ्ठा, आणि पुठ्ठा उचलताच शत्रूस पाहून जो कल्ले व पर अधिक फुलवील तो विजयी. म्हणोन हुजुरांनी वीरास उठता-बसता आरसा दाखवून कवायत करविली. कुटुंब अंबिकाबाईसाहेब वदल्या, "अहो, त्याला सुखानं जेवू तरी द्या!" हुकूम जाहला की मुदपाकखान्याने फौजेत ढवळाढवळ न करावी.

मुकाबल्यास थळच्या कोळीवाड्यातून सुचिताबाई तांबडा वीर बाटलीत घेऊन आली. दोन्ही साल ती दुसरी. यंदा चषक गेला तर पुढे जिंकायला उरणार काय, ही तिची चिंता.

हुजूर चषकाकडे बोट दाखवून म्हणाले, "हात लावून बघून घे गो, उद्यापासून आमच्या दिवाणखान्यात."

"न्या की काका. आधी पुठ्ठा तरी उचला."

मग म्हसळ्याचे परीक्षक यशोधनपंत यांनी पुठ्ठा उचलला, आणि तांबडा वीर अंगभर फुलला. समशेरजंगाने एकवार पाहिले, आरशातला रोजचाच गृहस्थ ऐसे समजोन पाठ फिरविली, आणि तळाशी जाऊन निवांत बसला. हुजुरांनी काचेवर टिचकी मारली.

"काका, शिपाई निजला हाय तुमचा!"

"निजेल नाहीतर काय," बाईसाहेब वदल्या. "रोज आरसा बघून तुम्ही विटत नाही, तो विटला."

पुठ्ठा तिरका उचलला, ऐसी हुजुरांनी तक्रार केली. मग सरळ उचलला. वीर तैसाच. मग हुजुरांनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन 'संयमी मत्स्य महागौरव' नामे नवा किताब उभ्या उभ्या स्थापिला, आणि अध्यक्षांच्या हस्ते अध्यक्षांस दिधला, आणि मंडळाने टाळ्या वाजविल्या.

येणेप्रमाणे सुचिताबाईची फत्ते जाहली आणि चषक थळास दाखल जाहला. त्यावर यंदाच्या सालापुढे मार्तंडरावांचे नाव आगाऊच कोरलेले निघाले, आणि दुसऱ्या नावास जागा नव्हती. मग बाईने सोनारास बोलावून त्याच नावापुढे बारीक अक्षरांत 'हरले' एवढेच कोरविले. विजय धातूवर कायम जाहला. लेखनसीमा.