दामिनीचं काहून

नागपूरच्या गांधीबागेतले साड्यांचे ठोक व्यापारी गिरिधर लांजेवार यांना एकच मुलगी. मुलगी धडधाकट होती, जेवायला कटकट करत नव्हती, मोबाईलसाठी जमिनीवर लोळत नव्हती. तिला एक खोड मात्र होती. ती 'काहून', म्हणजे 'का', म्हणायची.

आता पोट्टं आहे म्हटल्यावर एखाद-दोनदा विचारणारच. पण दामिनीचं काहून डोळे उघडताच सुरू व्हायचं. आजोबांच्या फोटोला हार आहे, मग काकाच्या फोटोला काहून नाही? आणि काका समोर बसून चहा पीत असायचे. भिवापूरच्या मामाने पाठवलेलं मिरच्यांचं पोतं गॅलरीत ठेवलं होतं, तर मुंग्या त्याच्यापर्यंत येऊन वळसा घालून काहून जातात? गिरिधर म्हणायचा, आईले विचार. आई, म्हणजे मिनल, म्हणायची, बाबाले विचार. या दोन टेबलांमधे पोरगी हेलपाटे घालायची आणि शेवटी कंटाळून झोपली की प्रकरण निकाली निघालं असं घरात समजलं जायचं.

एका रविवारी गिरिधरने तिला दुकानात नेलं आणि हात पोळून घेतले. रामटेकचं जुनं गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. दामिनी गादीवर बसून साड्या निरखत होती. म्हणाली, बाबा, घडीचा वरचा पदर चमकते, मंग आतला काहून नाही चमकत? गिऱ्हाइकाने घडी उलगडली, आत पाहिलं, पोरीच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवला आणि समोरच्या दुकानात जाऊन बसलं. त्या संध्याकाळी गिरिधरने देवापुढे हात जोडले आणि या पोट्टीचं तोंड एकदाचं बंद कर, असं मनापासून मागितलं. देवाने लगेच काही केलं नाही. तिथेही फाईल आपल्या चालीनेच वर सरकते.

पुढे काही दिवसांतच शहरातल्या एका नामांकित शाळेने प्रतिभावंत तुकडी काढली. परिपत्रक सगळ्या मोबाईलवर फिरलं. 'पाल्याच्या ठायी नैसर्गिक जिज्ञासा असणे अनिवार्य असून, नैसर्गिक जिज्ञासेचे पूर्वप्रशिक्षण घेतलेल्या पाल्यांस प्राधान्य देण्यात येईल.' मिनलने ते दोनदा वाचलं आणि तिला भरून आलं. ज्या गोष्टीपायी आपण पोरीला धपाटे घातले, ती प्रतिभा निघाली. ती नवऱ्याला म्हणाली की आपली दामिनी तर घरचीच तयार आहे, तिला कशाला प्रशिक्षण?

पण वरच्या मजल्यावरच्या जितेंद्र निखाड्यांचा पियुष आधीपासून क्लासला जात होता. पियुष हे असं मूल होतं की तहान लागली तरी ते पाणी मागत नसे, कुणीतरी आणून देईपर्यंत नुसतं ग्लासाकडे बघत राही. त्याला जिज्ञासा येऊ लागल्याचं जितेंद्र लिफ्टमधे भेटेल त्याला सांगत होता. पियुष प्रतिभावंत आणि आपली पोरगी साधी, ही कल्पना गिरिधरला सहन होईना. दुसऱ्याच दिवशी तो दामिनीला घेऊन क्लासला गेला.

क्लासचं नाव 'स्वयंस्फूर्ती' होतं. अश्विन सरांनी दामिनीला समोर बसवलं आणि मनात येईल ते विचार म्हणाले. तिने विचारलं, सर, तुमच्या क्लासचे पोट्टे दाराशी काहून रडून राहिले? सरांनी पेन खाली ठेवलं. गिरिधरला बाजूला घेऊन, डॉक्टर घरच्यांशी बोलतात तसं, हलक्या आवाजात सांगितलं की मुलगी विचारते भरपूर, पण अभ्यासक्रमाला धरून विचारत नाही. ही जंगली जिज्ञासा आहे, समितीपुढे ती चालत नाही. लवकर आणलंत, अजून सुटेल.

उपचार सुरू झाला. मान डावीकडे किंचित कलवायची, क्षणभर थांबायचं, डोळे छताकडे न्यायचे आणि मग मंजूर प्रश्न विचारायचा. कृष्णविवरात गेलं तर वेळ थांबतो का? माणूस नसता तर गणित असतं का? प्रश्नाला उत्तर मिळालंच तर 'वाव' म्हणायचं आणि पुन्हा काही विचारायचं नाही. मंजूर प्रश्न पक्के होईपर्यंत घरचे प्रश्न पूर्ण बंद, अशी पथ्याची सूचना होती. पहिल्या आठवड्यात दामिनीच्या तोंडून दहादा काहून निसटलं. मिनल ओठांवर बोट ठेवायची. पोरगी तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि गॅलरीत जाऊन मुंग्यांकडे बघत बसायची.

निवडीसाठी शाळेने तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, धरला. मुलांचं निरीक्षण नैसर्गिक वातावरणात व्हावं, ही त्यामागची भूमिका होती. पाल्याने स्वतः सजवलेला लाकडी बैल घेऊन मैदानात यायचं, समितीशी मोकळेपणाने बोलायचं आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, घेऊन घरी जायचं. सूचना मिळताच नागपूरचे बाप कामाला लागले. गिरिधरने दोन दिवस दुकानाकडे पाहिलं नाही. बैलावर बनारसी काठाची झूल चढली, शिंगांना जर लागली, आणि पोटात बॅटरी बसवून मान हलेल अशी सोय झाली. दामिनी शेजारी उभी होती. मीबी एक टिकली लावू का, असं तिने विचारलं. गिरिधर म्हणाला, बिघडवशील वं, दुरून पाह्य.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. जितेंद्रचा बैल टेम्पोतून उतरला. त्याच्या पाठीवर सोलर पॅनल होतं, आणि पियुष त्याच्या पायाशी उभा राहून जांभया देत होता. बापांच्या बोटांना अजून फेव्हिकॉल होता, पोरांचे हात धुतल्यासारखे स्वच्छ. समितीच्या अध्यक्ष श्वेता मॅडम एकेका बैलापाशी थांबत आणि विचारत, बाळ, तुझ्या मनात काही प्रश्न आहे का? पियुषने मान डावीकडे कलवली आणि कृष्णविवर काढलं. पुढच्या मुलीनेही कृष्णविवरच काढलं. अर्ध्या ओळीपर्यंत तोच प्रश्न त्याच मानेने आल्यावर मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतकी एकसारखी स्वाभाविकता त्यांनी कुठल्याच शाळेत पाहिली नव्हती, असं त्या सहकाऱ्यांना म्हणाल्या.

मग दामिनीची पाळी आली. तिने मान कलवली, थांबली, वर बघितलं. गिरिधरचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तेवढ्यात बैलाने बॅटरीवर मान हलवली आणि पोरीचं लक्ष तिकडे गेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हा बैल तं बाबानं सजवला. मंग तुम्ही मले काहून पाहून राहिल्या?"

ओळीतल्या सगळ्या बापांनी हात मागे घेतले. गिरिधरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण बैलासकट आत जावं. श्वेता मॅडमनी त्याच्याकडे थंड नजरेने पाहिलं.

"हा प्रश्न हिला कोणी शिकवला?"

"कोणीच नाही मॅडम," गिरिधर कसाबसा बोलला. "तिचा तिनंच विचारला."

"हीच तर अडचण आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बैलाकडे गेल्या.

पण गिरिधर हार मानणारा गडी नव्हता. तीन पिढ्या गांधीबागेत काढलेल्या माणसाला 'नाही' हा बोलणी सुरू करायचा शब्द वाटतो. तो शाळेत गेला, पुन्हा गेला, मिनलला घेऊन गेला. मुलीकडून तो प्रश्न अनवधानाने गेला, घराण्यात पूर्वी असा प्रकार झालेला नाही आणि पुढे होणार नाही, असं त्याने लेखी दिलं. शाळेचंही काळीज दगडाचं नव्हतं. दामिनीला परिविक्षाधीन प्रतिभावंत म्हणून घ्यायचं ठरलं. अट एवढीच की वर्षअखेर शेजाऱ्यांनी दाखला द्यावा, या घरातून काहून ऐकू आलेलं नाही. शेजारी म्हणजे जितेंद्र, आणि जितेंद्र दाराला कान लावून दाखला देणारा माणूस होता. तेव्हा नवरा-बायकोने डोळ्यांत तेल घालून वर्ष काढलं. पोरीने तोंड उघडलं की कोणी तिच्या पुढ्यात खाऊ ठेवायचं, कोणी टीव्ही लावायचं, आणि काहीच जमलं नाही तर मिनल नुसतं 'जितूकाका' म्हणायची.

दाखला मिळाला. दामिनी कायम झाली, संत्रा बर्फी वाटली गेली, आणि गिरिधरने दुकानात काउंटरच्या मागे तिचा टायवाला फोटो लावला. त्या फोटोकडे बघून गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा त्याची छाती फुगायची. आता तो तिला बिनधास्त दुकानात नेत असे. ती घड्यांकडे बघायची आणि काही म्हणायची नाही.

एका रविवारी दुपारी तो गॅलरीत बसला होता. मामाने मिरच्यांचं नवं पोतं पाठवलं होतं. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरली, पोत्यापर्यंत आली आणि वळसा घालून पलीकडे गेली. गिरिधर बघत राहिला. दामिनी शेजारीच बसली होती, तीही तिकडेच बघत होती. आता विचारेल, मग विचारेल, असं त्याला वाटत राहिलं. त्याला एकाएकी तिच्या काहूनची फार आठवण आली. शेवटी त्यानेच विचारलं.

"दामिनी, ह्या मुंग्या पोत्याले वळसा घालून काहून जाऊन राहिल्या वं?"

दामिनीने मान डावीकडे किंचित कलवली, क्षणभर थांबली.

"बाबा, ते आमाले अभ्यासक्रमात नाही," ती म्हणाली. मग समजावल्यासारखं म्हणाली, "आईले विचारा."

आत मिनल मोबाईल बघत होती. गिरिधर उठला नाही. देवाने त्याचं मागणं पुरं केलं होतं आणि घरात इतकं शांत होतं की शेजारचा कुकर ऐकू येत होता.

तर वाचकहो, ही गोष्ट तुम्ही निवांत, एका बैठकीत वाचून काढली असेल, मधे कोणी येऊन शर्टाची बाही ओढली नसेल, हे काय वाचून राहिले, काहून वाचून राहिले असं विचारलं नसेल, तर तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्याही घरच्या पोराची निवड झालेली आहे.