उणे चौदा, बोल

माझे भाऊमामा फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाहीत. तापमान सांगतात.

"उणे चौदा. बोल."

फोन कुणाचा आहे हे त्यांनी पाहिलेलं नसतं. गाडीची वॉरंटी विकणारा असो, दवाखान्यातली मुलगी असो, नाहीतर मी असो, सगळ्यांना तोच आकडा आणि तोही मराठीतून. वॉरंटीवाल्याला काही कळत नाही. मामांच्या मते तो वॉरंटीवाल्याचा प्रश्न आहे.

मामा टॅमरॅक नावाच्या गावात राहतात. वॉशिंग्टन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, डोंगरात. त्यांच्या परसात पाइनची एक रांग आहे आणि रांगेच्या पलीकडे कॅनडा आहे. मी बॉथेलला राहते, म्हणजे त्याच राज्यात. पण मधे एक घाट पडतो. थंडीत बर्फासाठी टायरना लावायच्या साखळ्या गाडीच्या डिकीत टाकून सहा तास जायचं म्हणजे नवऱ्याला आठवडाभर आधी मस्का लावावा लागतो.

मामा मूळ नागपूरचे. चाळीस-एक वर्षांपूर्वी राज्याच्या रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून लागले. काम काय, तर हिवाळ्यात घाट उघडा ठेवायचा. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, बर्फाचा काही अनुभव? मामा म्हणाले, "नाही, पण उन्हाचा आहे. तत्त्व एकच." ही नोकरी त्यांना कशी मिळाली, हे आमच्या खानदानात अजून कुणालाही उलगडलेलं नाही.

त्यांच्या घरी गेलं की गाव बघावंच लागतं. चहा नंतर. "टॅमरॅकमध्ये प्रेक्षणीय स्थळं साडेतीन," मामा दारातच जाहीर करतात. "आपल्याकडं देवीची पीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन. इथंही तेवढीच. माणसाला त्याहून जास्त झेपत नाही."

टूरची सुरुवात इतिहासाने होते. तो मामांनी चार वाक्यांत बसवला आहे. "इथं चांदी आहे असं कुणाला तरी वाटलं. लोक आले. चांदी नव्हती. तोवर घाट बंद झाला, म्हणून गाव वसलं." यावर कुणी प्रश्न विचारला, तर मामा पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतात.

पहिलं स्थळ म्हणजे ती खाण. डोंगराला पाडलेलं एक भोक आहे आणि त्याला लोखंडी जाळी लावली आहे. "आत काही नाही," मामा अभिमानाने सांगतात. दुसरं स्थळ सीमेचा दगड. कमरेएवढा पांढरा खांब. त्याच्या एका बाजूला आपण उभं राहायचं आणि दुसऱ्या बाजूला बोटही न्यायचं नाही. तिसरा धबधबा. तो कॅनडात आहे, पण दिसतो इथून, म्हणून मामांनी तो अमेरिकेच्या यादीत घेतलाय. "पाणी त्यांचं, व्ह्यू आपला." डिसेंबर ते मार्च धबधबा गोठलेला असतो. मामा त्याला "सध्या बंद आहे" म्हणतात.

राहिलेल्या अर्ध्या स्थळाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं. "ते पुढच्या वेळी."

असे माझे मामा. दोन वर्षांपूर्वी शालूमामी गेली, तेव्हापासून एकटेच. त्यांची मुलगी रश्मी टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला असते. ती इथेच जन्मली, त्यामुळे तिचं मराठी निम्म्यात इंग्रजीवर उतरतं. डिसेंबरात मामा परसातल्या बर्फावर घसरून पडले आणि मनगट मोडलं. सीमेवरचा गस्तीचा अधिकारी, गॅरी, तिकडून जात होता म्हणून त्याने पाहिलं, नाहीतर उणे तापमानात किती वेळ पडून राहिले असते कोण जाणे. रश्मी हबकली. तिने फ्रिस्कोतल्या घरात खालची खोली रिकामी केली आणि मला फोन लावला.

"ताई, यू हॅव टू कन्व्हिन्स हिम. मी बोलले की ते वेदर सांगतात. तू जा ना. प्लीज. संक्रांतीचं निमित्त कर."

म्हणून तिळाच्या वड्यांचा डबा आणि नवरा घेऊन मी टॅमरॅकला गेले. मामांना फ्रिस्कोला जायला तयार करायचं, एवढंच काम होतं.

मामांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तरी इतिहास, खाण, दगड आणि बंद धबधबा सुटला नाहीच. वाटेत सीमेच्या नाक्यावर थांबून त्यांनी गॅरीला वडी दिली. शालूमामी दर संक्रांतीला नाक्यावर तिळगूळ द्यायची. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना. ज्यांचं काम माणसं अडवायचं, त्यांनी तर गोड बोललंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. गॅरीने वडी तोंडात टाकली आणि "गोद गोद बोला" म्हणाला.

जेवताना मी विषय काढला. "मामा, रश्मीकडे काय कमी आहे? देऊळ आहे, मंडळ आहे, गणपतीत ढोल-ताशा असतो. गल्लीत चार घरं मराठी आहेत."

"डोंगर आहे?"

"नाही."

"बॉर्डर?"

"ओक्लाहोमा राज्याची आहे की जवळ," माझा नवरा समीर मदतीला धावला.

"पासपोर्ट लागत नाही ती बॉर्डर नसते, जावईबापू. ते कुंपण."

"मामा, तुम्ही पडलात!" मी जरा आवाज चढवला. "पुन्हा पडलात आणि गॅरी नसला तर? सकाळी सकाळी बर्फात कशाला जाता?"

"तापमान बघायला. काऊन, त्यासाठी बर्फ वितळायची वाट पाहू?"

परसाच्या टोकाला मामांचे दोन थर्मामीटर आहेत. दक्षिणेच्या खांबावर अमेरिकेचा, फॅरनहाइटचा; उत्तरेच्या खांबावर कॅनडाचा, सेल्सिअसचा. उणे चाळीसला दोन्हीवर एकच आकडा येतो आणि दोन्ही देशांचं एकदाचं एकमत होतं, त्या दिवसाची मामा वाट बघत आहेत. समीरने सुचवलं, "मामा, थर्मामीटर किचनच्या खिडकीबाहेर लावतो. आतूनच दिसेल."

"खिडकीला घराची ऊब लागते. तिथलं ते तापमान नाही, ते मत झालं."

समीरने मुकाट्याने दुसरी पोळी घेतली.

स्वयंपाकघरात रश्मीने पाठवलेलं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. रोजच्या चौकोनात मामांच्या अक्षरात तापमान. त्यापुढे एक रेघ आणि आणखी एक आकडा, कधी एक, कधी दोन. प्लास्टर झाल्यापासूनचे आकडे डाव्या हाताने काढलेले, वाकडेतिकडे. मी विचारलं, "हा दुसरा आकडा कसला?"

"खात्याचं अंतर्गत काम आहे," मामा म्हणाले आणि ताट उचलून गेले.

सकाळी मला लवकर जाग आली. उजाडायचं होतं. मागचं दार वाजलं आणि बुटांचा करकर आवाज परसाच्या टोकापर्यंत गेला. मी खिडकीत जाऊन जीव मुठीत धरून बघत राहिले. मामा एका हातात टॉर्च धरून दोन्ही खांबांपाशी वाकले आणि हळूहळू परत आले. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला म्हणून खोलीबाहेर पडले.

मामा त्यांच्या झोपायच्या खोलीच्या दारात उभे होते, माझ्याकडे पाठ करून. आत गादीवर चादर ताठ घातलेली. खुर्चीच्या पाठीवर शालूमामीचे दोन स्वेटर, एक मरून, एक हिरवा.

"उणे अकरा," मामा खोलीत बघून म्हणाले. "दोन घाल."

मग जरा थांबले, आतून कुणी कुरकुर करणार असल्यासारखे. आणि वळले तर समोर मी.

मामांनी टॉर्च बंद केला. म्हणाले, "हे अर्धं. टूरमध्ये नसतं."

चहा होईतो त्यांनी डाव्या हाताने कॅलेंडरवर लिहिलं. उणे अकरा, रेघ, दोन. पाठमोरेच बोलत राहिले.

"तिला थंडी कधी मानवलीच नाही. फॅरनहाइट तर तिने ऐकूनच घेतलं नाही. डोळा उघडला की पांघरुणातून एकच शब्द यायचा, 'किती?' मी बाहेर जाऊन बघून यायचो. शून्याखाली एक स्वेटर, उणे दहाच्या खाली दोन. मग ती उठायची. दोन वर्षांसाठी आलो होतो बाप्पा, घाट उघडा ठेवायला. चाळीस वर्षं तिने रोज विचारलं."

मी गॅस बारीक केला.

"आता कुणी विचारून नाही राहिलं. पण आकडा तर रोज येतोच ना. कुठं तरी सांगावा लागतो. फोन आला की सांगून टाकतो, बरं वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रश्मीकडं भिंतीवर घराची ऊब ठरवणारा एक डबा आहे. त्याच्यावर बहात्तर लिहिलेलं असते. बाराही महिने बहात्तर. तिथं कोण विचारणार, किती म्हणून?"

मला रडू आवरेना. एवढा हट्टी माणूस आणि हट्ट कसला, तर सकाळी एक आकडा कुणाला तरी सांगायचा. आणि मी सहा तास गाडीतून आले होते, त्यांना शहाणं करायला.

समीरने निघायच्या आधी दाराच्या पायरीपासून खांबांपर्यंत जाड दोर बांधला, धरून चालायला. बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टेही दुकानातून आणून दिले. मामांनी दोर दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "चालेल. रस्ते खात्यात तुला घेतलं असतं."

घाट उतरून रेंज आल्याबरोबर रश्मीला फोन केला.

"सो? हो म्हणाले?"

"नाही. आणि आता मीही विचारणार नाही." मी तिला सगळं सांगितलं. चादर, खुर्ची, स्वेटर, पांघरुणातला तो एक शब्द.

 ती म्हणाली, "मी दर संडेला फोन करते, ताई. ते टेंपरेचर सांगतात आणि मी म्हणते, बाबा, से हॅलो लाइक नॉर्मल पीपल. एव्हरी टाइम म्हणते."

"तू रोज कर," मी म्हटलं. "तिकडे सकाळी सात, म्हणजे तुझ्याकडे नऊ. आणि तू आधी बोल. त्यांनी आकडा सांगितला तर समजायचं, उठलेत, बाहेर जाऊन आलेत, पडलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडच्या साडेनऊला तिचा मला फोन आला. 

"केला मी. त्यांनी उचलला आणि त्यांच्या आधी मी म्हटलं, किती? ताई, ते काहीच बोलेनात. मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, उणे बारा."

"मग?"

"मग म्हणाले, दोन घाल."

फ्रिस्कोत त्या दिवशी हवा अशी होती की शेजारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गाडी धूत होते.

"घातले गं मी," रश्मी म्हणाली. "दोन स्वेटर घालून बसले आहे."