बळवंतराव आणि पाण्याखालचा उजेड

बळवंतरावांना कुठलीही नवी वस्तू दाखवली की ते ती हातात घेत, उलटी करत, कानाशी हलवून पाहत आणि विचारत, "हे पाण्यात काय करील?"

माझ्या घड्याळाबद्दल त्यांनी हे विचारलं. शेजारच्या शामण्णांनी ट्रान्झिस्टर आणला, तेव्हा त्याबद्दलही विचारलं. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. अभिनंदन करताहेत असं सगळ्यांना वाटलं. ते त्याच्या घड्याळाचं मागचं झाकण बघत होते.

बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. जुने लोक त्या भागाला अजून ब्लॅकपल्लीच म्हणत. दुकानामागे घर, त्यात ते, त्यांची पत्नी आणि आई, जिला सगळे अव्वा म्हणत, आणि वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळी करून सकाळी झोपायचं, हा माझा क्रम रविवारी मोडत असे, कारण रविवारी बळवंतराव मागच्या अंगणातल्या दगडी हौदात कॅमेरा पाण्यात कोरडा ठेवणाऱ्या पेट्या बुडवत.

त्यांना पाण्याखाली फोटो काढणारा कॅमेरा हवा होता आणि त्याच्यासोबत दिवा हवा होता. मी राहायला गेलो त्याआधीपासून ते तो निवडत होते. बंगळूरहून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र लांबच. पण खरी अडचण ती नव्हती. बळवंतराव पाण्याला घाबरत. लहानपणी देवळाच्या पुष्करणीत पाय घसरला होता, तेव्हापासून अलसूर तलावाकडचा रस्तासुद्धा ते टाळत. आंघोळ करताना तांब्या डोक्यावर कधी ओतत नसत. हौदात पेटी सोडायची तीही दोरीनं, दोन हात लांब उभं राहून.

"बळवंतराव, कॅमेरा घेतला, दिवा घेतला, सरी, ठीक," शामण्णा म्हणत. "खाली जाणार कोण?"

"स्वल्प थांबा," बळवंतराव म्हणत. "आधी उजेड ठरू दे."

कँटोन्मेंटातल्या रद्दीवाल्याकडून ते परदेशी मासिकं आणत. त्यांत पाठीला हवेची नळकांडी बांधलेली, पायात बेडकासारखे पंजे घातलेली माणसं असत. बळवंतराव त्या माणसांकडे बघत नसत. त्यांच्या हातांकडे बघत. मग त्यांचं व्याख्यान सुरू होई. तीन-चार पुरुष खोल गेलं की तांबडा रंग काळपट दिसू लागतो, म्हणून उजेड सोबत न्यावा लागतो. फ्लॅशचे बल्ब उपयोगाचे नाहीत, कारण एक फोटो की एक बल्ब गेला. आणि दिवा कॅमेऱ्याला चिकटून नको. "जवळ धरला की पाण्यातला गाळच उजळतो, फोटोत नुसता भुसा उडाल्यासारखं दिसतं. उजेड बाजूनं यायला हवा. लांबून. दुसऱ्या माणसानं धरलेला."

त्यांनी स्वतः एक दिवा बनवला. लोणच्याच्या बरणीत विजेरी, झाकणाला सायकलच्या ट्यूबचं रबर. पहिल्याच रविवारी बरणीत पाणी शिरलं, सेल फुगले, आणि त्यांतला काळा चिकटा हौदभर पसरला. नळाला पाणी एक दिवसाआड येत असे. त्यांच्या पत्नी इंदूअक्कांनी सगळा हौद उपसला. उपसताना त्या एवढंच म्हणाल्या, "इथं समुद्र नाही ते बरंय. तोही उपसायला लावला असता."

पुढच्या खेपेस त्यांनी रबराला तूप लावलं. पाणी आत गेलं नाही. मुंग्या गेल्या.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते याहून कठोर होते. एक जर्मन पेटी त्यांनी जड म्हणून नाकारली. दुसरीचा खटका अंगठ्यापासून लांब होता. वास्तविक त्यांचं मनगट तालमीतल्या माणसाचं होतं, ती पेटी त्यांनी डाव्या हातात सहज पेलली असती. कॅमेऱ्याच्या दुकानात गेले की ते खिशातून हिरव्या काचेची एक बांगडी काढत, पेटीच्या पट्ट्याशी लावून बघत आणि मान हलवत. चष्मेवाल्याचं काही माप असेल, असं समजून मी त्याबद्दल बरेच दिवस विचारलं नाही.

एकदा चष्म्याची काडी बदलायला मी दुकानात बसलो होतो. बळवंतरावांनी बांगडी काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्या मापानं पेटीचा पट्टा कापू लागले. तेव्हा मी विचारलं.

"हिची आहे," ते म्हणाले. "खाली ती जाणार. मी कसा जाईन?"

इंदूअक्का मालवणच्या. त्यांचे काका इथं लष्कराच्या कचेरीत होते, त्यांनी हे लग्न जमवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सगळे जेवायला बसलेले असताना, कुणीतरी माहेरचं विचारलं म्हणून नव्या सुनेनं सांगितलं, आमच्याकडे खडकांच्या खाली पाण्यात बाग आहे. पोवळ्यांची झुडपं आहेत, त्यांत पिवळे पट्टेरी मासे फिरतात, हात पुढे केला तर पळत नाहीत, बोटांना तोंड लावून बघतात.

"अव्वा म्हणाली, पोरगी थापाडी दिसते. पाण्यात डोळे उघडून कोण बघतं? सगळे हसले."

"आणि तुम्ही?"

"मी भात कालवत होतो."

त्यानंतर इंदूअक्कांनी समुद्राचा विषय घरात काढला नाही. अव्वांनी मात्र तो सोडला नाही. आल्यागेल्याला त्या सांगत, "आमच्या सुनेचे मासे हात चाटतात हो." मीही ते ऐकलं होतं आणि हसलो होतो. बळवंतरावांना अव्वांसमोर एक फोटो ठेवायचा होता. बाकी काही नाही.

अखेर एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला आणि त्याच्याकडचा जपानी कॅमेरा बळवंतरावांच्या हाती आला. याला पेटी लागतच नसे, कॅमेरा आहे तसाच पाण्यात जाई. बांगडी पट्ट्यातून आरपार गेली. हौदात तो दिवसभर राहिला आणि कोरडा निघाला. बळवंतरावांनी दुकान बंद केलं. अव्वांना धाकट्या बहिणीकडे बनशंकरीला पोचवलं आणि दोघं मालवणला जायला बेळगावच्या गाडीत बसली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दोघांकडून ऐकलं ते देतो. नळकांडी आणायची राहिली, याचं बळवंतरावांना वाईट वाटत होतं. "नळकांडी कशाला?" इंदूअक्का म्हणाल्या. "श्वास आहे की." ओहोटीच्या वेळी त्यांनी पदर खोचला, पाण्यात घालायचा काचेचा चष्मा डोळ्यांवर बांधला आणि खडकाच्या कडेवरून खाली गेल्या. लग्नानंतरच्या वीस वर्षांत त्यांनी नळाखेरीज पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा बळवंतराव काठावर होते. उजेड बाजूनं हवा, दुसऱ्या माणसानं धरलेला, हे त्यांचंच म्हणणं. तिथं दुसरा माणूस एकच होता. ते दिव्याची बरणी घेऊन पाण्यात उतरले. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

"यांचे डोळे मिटलेले होते," इंदूअक्का म्हणाल्या.

"उघडे होते," बळवंतराव म्हणाले.

फोटो धुऊन आले त्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं, शामण्णांनाही. अव्वा भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या, मुलानंच करून दिलेला जाड भिंगांचा चष्मा लावून. बळवंतरावांनी पहिला फोटो त्यांच्या हातात दिला. धुरकट, एका कोपऱ्यात फांद्यांसारखं काही, मधे एक फिकट डाग.

"हा मासा," बळवंतराव म्हणाले.

"हा डाग आहे," अव्वा म्हणाल्या.

दुसऱ्या फोटोत अर्धा डाग होता. बाकी सगळे फोटो एकाच गोष्टीचे होते. पाण्याखालून घेतलेले दोन पाय. मांड्यांपर्यंत खोचलेलं धोतर, पोटऱ्यांभोवती बारीक वाळू, आणि वरच्या बाजूला बरणीचा पांढरा गोळा. समोरून, बाजूनं, जवळून.

शामण्णांना राहवलं नाही. "बळवंतराव, इतकी वर्षं कॅमेरा निवडलात तो याच्यासाठी?"

बळवंतराव पत्नीकडे वळले. "अगं, बाग राहिली ना."

"बाग मला पाठ आहे," इंदूअक्का वाढता वाढता म्हणाल्या. "तुम्हाला पाण्यात उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते."

अव्वांनी पायांचा एक फोटो चष्म्याजवळ नेला. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. त्यांनी समोर बसलेल्या मुलाच्या पायाकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"हा आमचा बाळू," त्या म्हणाल्या. "पाण्यात?"

त्यांनी फोटोतलं ते बोट नखानं टोकरून पाहिलं.

"बाळू पाण्यात उतरला," अव्वा म्हणाल्या, "म्हणजे तिथं काहीतरी असणार." पायाचा फोटो त्यांनी मांडीवरच ठेवला आणि डागाचा पुन्हा उचलला. "इंदू, ह्याचा रंग कुठला म्हणाली होतीस?"

इंदूअक्कांनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "पिवळा. वर काळे पट्टे. लहान असतात तेव्हा पट्टे पुसट असतात..." त्या तिथंच बसल्या आणि बोलत राहिल्या. त्यांना एका दमात इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बळवंतरावांच्या पानातला भात तसाच होता. तो कालवायचं थांबवून या वेळी ते ऐकत होते.