यूनुसच्या गाडीतला मुका रेडिओ

दुबईत उंच टॉवर पुष्कळ आहेत. पण बुद्धीची उंची मोजली तर आमच्या आख्ख्या करामा वस्तीत एकच टॉवर निघेल, आणि तो म्हणजे मी, विजयकुमार घाटपांडे, खासगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे. नाक मात्र कायम चोंदलेलं असतं, कारण आमचा एसी जुना आहे. हे वर्णन मी एकदा घरात मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा माझी बायको छाया म्हणाली, "टॉवर, जरा खाली वाका आणि मेथी निवडा."

तसा मी विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासायचो. मंदी आली आणि कंपनीने मला सहा महिने बिनपगारी रजेवर पाठवलं. एवढ्या तल्लख मेंदूला विश्रांती हवी, असं एचआरला वाटलं असणार. पत्रात तसं लिहिलं नव्हतं, ते मी अनुमानाने काढलं. तेव्हापासून मी पूर्णवेळ गुप्तहेर आहे. आजवर दोन केसेस सोडवल्या. हरवलेला रिमोट (माझ्याच बुडाखाली होता) आणि शेजाऱ्यांची गायब झालेली चप्पल (माझ्याच पायात होती). दोन्ही वेळा गुन्हेगार जागेवर पकडला.

२००९ च्या डिसेंबरात, बुधवारी संध्याकाळी, तिसऱ्या मजल्यावरचा यूनुस आमच्याकडे आला. हा रत्नागिरीचा, जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत कामाला. येऊन धपकन सोफ्यावर बसला.

"भाऊ, माझी अम्मी चालली परत."

"कोणी पळवली?" मी वही उघडली.

"पळवली नाय हो, स्वतःच चालली. अब्बा गेल्यापासून तिकडे घरात एकटी होती, म्हणून कायमची इकडे आणली. तर म्हणते, तुझ्या घरात माणसाचा आवाज नाय. तिकडे सकाळी उठली की रेडिओ लावायची, तो झोपेपर्यंत. रत्नागिरी स्टेशन. इकडे मी सातला जातो, सातला येतो. मधे भिंती."

"टीव्ही?" छायाने चहा ठेवत विचारलं.

"टीव्हीसमोर बसून राहावं लागतं, म्हणते. रेडिओ आपल्या मागे मागे फिरतो. म्हणून ही नवी गाडी घेतली, वहिनी. अमेरिकन. पंच्याऐंशी हजार दिरहम, म्हणजे आपले अकरा लाख! शोरूमवाला बोलला, ह्यात सॅटेलाइट रेडिओ आहे, डायरेक्ट वरून येतो. मी विचारलं, रत्नागिरी लागेल? तो बोलला, हबीबी, आकाश तर एकच आहे!"

"आणि?"

"मुका आहे! एक शब्द बोलत नाय. परवा शुक्रवारी रात्रीचं तिकीट काढायला लावलंन मला. गेल्या पावसात ती तिकडे घरात पडली होती, भाऊ. दोन तास कोणाला पत्ता नाय." मग नाक पुसून म्हणाला, "आणि हल्ली पहाटे बाथरूममधून खरखर ऐकू येते. अम्मी आत असली की."

"गिझर," मी एका क्षणात निदान केलं आणि तो मुद्दा वहीतून खोडला.

माझी मुलगी इरा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स अ रेडिओ. इट्स नॉट अ मर्डर." मुलं आपली नसतातच.

टॉर्च घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो. टॉर्चची गरज नव्हती, दिवे लख्ख होते, पण गुप्तहेराच्या हातात टॉर्च शोभतो. गाडीत मागच्या सीटवर यूनुसची अम्मी, हव्वाबी, बसल्या होत्या, मांडीवर काळी पिशवी. पिशवीत कापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ते आपोआप फाटेपर्यंत आपल्याकडे गाडी नवी असते. माहितीपुस्तकही कप्प्यात सीलबंद पिशवीत होतं. पिशवी फोडायचा विचारसुद्धा आम्हा दोघांना शिवला नाही. टिपणं घ्यायला खाली कडक काहीतरी हवं होतं, म्हणून मी ते पुस्तक पिशवीसकट मांडीवर घेतलं आणि त्यावर वही ठेवली.

रेडिओच्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती, 'सिग्नल शोधत आहे'. मला त्या यंत्राबद्दल फार आपुलकी वाटली.

पहिला संशय काचांवरच्या काळ्या फिल्मवर. मी नखाने थोडी खरवडली. रेडिओ गप्प, यूनुसही गप्प, पण वेगळ्या कारणाने. दुसरा संशय समोरच्या अर्धवट इमारतीवरच्या क्रेनवर. मंदीत मालक पळाला होता, क्रेन वर्षभर एकाच दिशेला तोंड करून उभी होती. तिसरा संशय मी हळूच यूनुसच्या कानात सांगितला, "पिशवीत सोड्यांचा डबा आहे. सुक्या मासळीच्या खारामुळे लहरी अडतात."

"भाऊ, खरंच?"

"विज्ञान आहे."

हव्वाबींनी पिशवी जरा जवळ ओढली. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. अर्थ मात्र सगळा सुटला.

गुरुवारी दिवसभर विचार करून मी अंतिम सिद्धांत मांडला. रत्नागिरीचा सॅटेलाइट रत्नागिरीच्या डोक्यावर असणार. आपण पडलो पश्चिमेला, वाळवंटात. फुजैऱ्याला गेलो की पूर्वेचा समुद्र, आणि समुद्रापलीकडे थेट कोकण. मध्ये एकही क्रेन नाही!

"सॅटेलाइट म्हणजे काय माळ्यावरचा डबा आहे, जवळ गेलं की हाताला लागायला?" छाया म्हणाली. पण थर्मास भरून तीही निघाली, हव्वाबींसाठी.

शुक्रवारी पहाटे चारला निघालो आणि सहाच्या आत फुजैऱ्याच्या किनाऱ्यावर पोचलो. झुंजुमुंजू झालं होतं. समुद्रात बिनकामाची जहाजं रांगेने उभी होती, माझ्यासारखीच रजेवर. हव्वाबींनी वाळूत चादर टाकून नमाज पढली आणि गाडीत येऊन बसल्या. यूनुसने रेडिओचं बटण दाबलं.

सिग्नल शोधत आहे.

"गाडी जरा पुढे घे," मी म्हणालो. पुढे घेतली. "अजून." पुढची चाकं पाण्यात गेली.

"पुरे!" छाया ओरडली. "ते मांडीवरचं पुस्तक द्या इकडे."

"ते टिपणांसाठी..."

तिने पिशवी दातांनी फाडली. मी आणि यूनुस एकदमच किंचाळलो, "अगं!" "वहिनी, नवीन आहे!" तिने शांतपणे पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून मराठीत सांगितलं, "ही रेडिओ सेवा फक्त अमेरिका आणि कॅनडात चालते. खलास."

दोन दिवस ती ओळ माझ्या मांडीवर होती.

यूनुसने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "माफ कर, अम्मी. तुला एक आवाज नाय देऊ शकलो मी."

मागे पिशवीची चेन सरकली. कापड उलगडलं गेलं. "सोडे!" मी ओरडलो.

निघाला एक जुना ट्रान्झिस्टर. कोपऱ्याला चिकटपट्टी, मुठीला शिवलेला दोरा.

"अम्मी! हा तर मी पहिल्या सुट्टीत आणलेला. वीस वर्षं झाली!"

"मग? तुझ्या बावाने तोच वाजवलान मरेपर्यंत."

"सांगितलं का नाय?"

"पोराने माझ्यासाठी एवढी गाडी घेतलीन, त्याच्यापुढे हे डबडं काढू? तुझं तोंड केवढंसं झालं असतं." त्या ट्रान्झिस्टर पुसत राहिल्या. "तुझ्या बाथरूमात लावून बघितला दार बंद करून. नुसती खरखर. मग सेलही संपले."

"गिझर," छाया माझ्याकडे बघून म्हणाली. मी समुद्राकडे पाहिलं.

"सेल कुठून आणायचे आता? दुकानं बंद," यूनुस म्हणाला.

छायाने माझ्या हातातला टॉर्च घेतला, उघडला आणि दोन सेल काढले. बरोब्बर बसले.

हव्वाबींनी दार उघडून पाय वाळूत टेकवले, एरियल समुद्राकडे लांब केली आणि अंगठ्याने चाक हळूहळू फिरवलं. खरखर. अरबी. खरखर. हिंदी गाणं. खरखर. आणि मग दूरच्या खोलीतून यावा तसा, येत-जात, एका बाईचा आवाज मराठीत बोलू लागला. किनारपट्टीवर वारा कसा राहील ते सांगत होती.

हव्वाबींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "हीच ती. हिला सर्दी झाली की मला आधी कळायचं."

ऊन वर आलं तसा आवाज विरत गेला. यूनुस त्यांच्या पायाशी वाळूतच बसला होता. "अम्मी, आजचं तिकीट..."

"दर जुम्म्याला आणशील इथे?"

"आणीन."

"आणि बाकीचे सहा दिवस बोलेल कोण?"

"मी बोलेन. वारा कसा आहे ते रोज सांगेन."

"मग फाड ते तिकीट," त्या म्हणाल्या. "आणि तो आतला रेडिओ बंद कर. बिचारा शोधून शोधून दमला असेल."

निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तुझे सेल चांगले आहेत हो."

"खाला," छाया गाडीत बसत म्हणाली, "ह्यांच्यात तेवढंच चालू होतं, तेही काढून घेतलंत."